मासिक सभेला मूठमाती देण्याआधी

डॉक्टरांच्या संघटनेच्या आमच्या तालुका शाखेची मासिक सभा आता बंद करावी, असा लेख आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शाखेच्या वार्तापत्रात लिहिला आहे. लेख वाचनीय आहे. आणि वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसून सभा ऐकणारा माणूस जेव्हा ‘आता खुर्च्या उचला’ म्हणतो, तेव्हा ते मनावर घ्यावंच लागतं. सरांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्ञान आता मोबाइलमध्ये आहे, त्यासाठी शनिवारी रात्री ओपीडी गुंडाळून हॉटेलच्या हॉलवर धावायचं कारण उरलेलं नाही. येणारे येतात ते क्रेडिट पॉइंटसाठी आणि जेवणासाठी. भाषणं ऐकून डॉक्टर बदलत नाहीत, हे तर संशोधनानेच सांगितलंय. औषध कंपनीने पैसे दिले नाहीत तर सभा होत नाही आणि दिले तर ती आपली राहत नाही. तेव्हा वेबिनार करा, पॉइंट घरबसल्या घ्या, आणि वर्षातून एकदा सहकुटुंब स्नेहमेळावा भरवा.

सभेचं जे चित्र त्यांनी काढलंय, त्यावर माझा काडीचाही आक्षेप नाही. उलट सरांनी हात राखून लिहिलंय. निमंत्रणावर साडेआठ, सुरुवात सव्वानऊला. दारात टाय लावलेले कंपनीचे दोन एमआर सहीचं रजिस्टर आणि पेन घेऊन उभे. व्यासपीठाच्या एका बाजूला धन्वंतरीची तसबीर, दुसऱ्या बाजूला तिच्या दुप्पट उंचीचा फलक. त्यावर मधुमेहाची नवी गोळी आणि ती खाऊन पळत सुटलेलं एक हसतमुख जोडपं. एसीच्या झोतात समईची वात पेटत नाही, मग सेक्रेटरी हाताचा आडोसा करतात. पुण्याहून आलेल्या स्पीकरचा बायोडाटा जन्मगावापासून वाचला जातो. शाल, श्रीफळ, मेमेंटो. मग साठ-सत्तर स्लाइडी. तिसाव्या स्लाइडला मागे वेटर भांड्यांची झाकणं उघडून बघू लागतो आणि हॉलभर पनीरचा वास सुटतो. चेअरपर्सन चिठ्ठी सरकवतात. ‘वेळेअभावी एकच प्रश्न घेऊ,’ आणि तो एक प्रश्नही एखादे जुनेजाणते सर स्वतःचा अनुभव सांगण्यात संपवतात. शेवटची स्लाइड मात्र न चुकता नीट दिसते: हॉस्पिटलच्या कार्डियाक अँब्युलन्सचा नंबर आणि रेफरल बघणाऱ्या गृहस्थांचा मोबाइल.

हे बंद करायचं असेल तर मी सरांच्या बरोबर आहे. पण सर ज्याला मासिक सभा म्हणतात ती कंपनीची जाहिरात-रात्र आहे. तिला आपण हॉल, श्रोते आणि संघटनेचं नाव उसनं देतो. ती बंद झाली की आपली सभा सुरू करता येईल. सरांना मात्र दोन्ही एकदम गाडून टाकायच्या आहेत.

आधी मोबाइलचं बघू. 2020 साली मार्चनंतर, कोविडच्या साथीत, आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि रोज संध्याकाळी चार-चार वेबिनार होते. दिल्ली, मुंबई, लंडन, सगळीकडचे तज्ज्ञ बोलत होते. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून कळलं, की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन वाचवतं. हे औषध आपल्या कपाटात आधीपासून होतं, आणि किंमत विचारायची लाज वाटावी इतकं स्वस्त होतं. त्याच चाचणीने हेही सांगितलं, की ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला त्याचा फायदा नाही. दोन्ही गोष्टी मोबाइलवर होत्या. तरी खेडोपाडी पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू झाली. फॅविपिराविर महिनोन्‌महिने लिहिलं गेलं. नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रेमडेसिविर वापरू नये अशी शिफारस केली, तरी एप्रिल 2021 मध्ये नातेवाईक त्याच्यासाठी रात्रभर रांगा लावून उभेच होते. आणि पाठोपाठ, साखर वाढलेल्या रुग्णांमध्ये, म्युकरमायकोसिस आला. त्या दीड वर्षात माहितीचा तुटवडा नव्हता. ‘तू हे का लिहितोयस?’ असं तोंडावर विचारणारा, त्याच गावातला, त्याच पेशंटांचा डॉक्टर समोर नव्हता. वेबिनारमध्ये माइक म्यूट असतो, कॅमेरा बंद असतो, आणि आपण खरं तर जेवत असतो.

एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला दिवसभर कोणी खोडून काढत नाही, हे आपण आपसात तरी कबूल करू या. कंपाउंडर ‘हो सर’ म्हणतो, पेशंट ‘तुमच्या हाताला गुण आहे’ म्हणतो, एमआर तर सगळ्याच गोष्टींना ‘वा सर’ म्हणतो. कॉलेज सोडल्यावर राउंडला बोलणारे सर संपले. अशा माणसाला महिन्यातून एकदा बरोबरीच्या माणसांसमोर उभं करायची एकच जागा तालुक्याला आहे, आणि ती आहे शाखेची सभा. आपण ती जागा भाड्याने देऊन टाकली, ही गोष्ट वेगळी.

सरांनी ज्या संशोधनाचा हवाला दिलाय, ते बहुधा डेव्हिस आणि सहकाऱ्यांचं, 1999 साली ‘जामा’त आलेलं असावं; या वादात नेहमी तेच पुढे येतं. भाषणं ऐकून डॉक्टरांचं वागणं बदलत नाही, हे त्यात आहे हे खरं. पण त्याच निबंधात पुढे आहे, की जिथे डॉक्टर बोलतात, वाद घालतात, प्रत्यक्ष करून बघतात, तिथे फरक पडतो. म्हणजे तो पुरावा साठ स्लाइडींच्या विरोधात आहे. त्यावरून सभा मोडीत काढायची आणि तिच्या जागी वेबिनार आणायचा, म्हणजे ज्यात फक्त ऐकायचंच असतं असा प्रकार आणायचा, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

आमच्या शाखेत कंपनीच्या स्पीकरविना अशी एक सभा झाली होती, अपघातानेच. ऐनवेळी स्पीकरची गाडी घाटात अडकली, एमआर घाबरेघुबरे झाले आणि अध्यक्षांनी वेळ मारून न्यायला विचारलं, ‘कोणाची एखादी केस आहे का?’ मागच्या रांगेतल्या एका मॅडम उठल्या. गवत कापायला जाणारी बाई, सहा दिवस ताप, प्लेटलेट ऐंशी हजार, डेंग्यूची एनएस-वन टेस्ट निगेटिव्ह, लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली, श्वास वाढत चाललेला. दोन ठिकाणी ‘डेंग्यूसारखा व्हायरल’ म्हणून सलाइनं लावून झालेली. मॅडमनी पडदा ओढून तिला नीट तपासलं, तर छातीखालच्या घडीत एक काळी खपली, सिगारेटने चटका दिल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाईलाही माहीत नाही. स्क्रब टायफस. डॉक्सिसायक्लिन दिलं, दोन दिवसांत ताप उतरला.

पुढे जे झालं ते सरांनी आठवावं, कारण ते तिथे होते. एक फिजिशियन म्हणाले, मागच्या पावसाळ्यानंतर असाच पेशंट मी पुण्याला पाठवला, तिकडून निदानच कळवलं नाही कोणी. एक सर्जन जरा वेळ गप्प बसून म्हणाले, अशी खपली मी काखेत पाहिली होती, गावठी डाग दिलाय समजून सोडून दिली. पॅथॉलॉजिस्टनी विचारलं, टेस्ट मागवून ठेवू का? अर्ध्या तासात आमच्या लक्षात आलं, की हा आजार आपल्या तालुक्यात आहे आणि आपण सगळे सुटे सुटे त्याला डेंग्यू म्हणत होतो. स्क्रब टायफसवरचे निबंध मोबाइलवर ढीगभर सापडतात. ‘आपल्या ओढ्याकाठच्या गवतात तो आहे’ हे कुठल्याच मोबाइलवर नव्हतं. ते त्या हॉलमध्ये, पाच-सहा डोक्यांत, विखुरलेलं पडलं होतं.

आणि आता मुद्द्याचं. त्या विषयावर आपल्या शाखेत त्याआधी एकही सभा का झाली नव्हती? कारण डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल काही रुपयांना मिळते. तिच्यासाठी कोण हॉल बुक करणार? कंपन्यांचे पैसे घेणाऱ्या सभेवर टीका करताना आपण नेहमी विचारतो, स्पीकर खोटं बोलला का? बहुतेक वेळा तो खोटं बोलत नाही. स्लाइडवरचा आलेख खरा असतो, तळटीपही असते. खोट विषयांच्या यादीत असते. आपल्या गेल्या काही वर्षांच्या नोटिसा काढून बघा: मधुमेहाच्या नव्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची नवी इंजेक्शनं, रोबोटने गुडघा, आयव्हीएफ. त्यात पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेला आणि प्रत्यक्षात झोपेत मण्यार चावलेला पेशंट नाही. सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा डोस लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला एकच असतो, साप दोघांना विष मोजून देत नाही, ही गोष्ट नाही. कुत्रा चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच कसं भरायचं, ते नाही. ओआरएस नाही. कीटकनाशक प्यायलेला पेशंट नाही, आणि आपण शेतकऱ्यांच्या तालुक्यात राहतो.

‘एका जेवणाने मी विकला जात नाही,’ हे वाक्य सरांच्या लेखातही आहे. सगळ्यांना तसंच वाटतं. 2016 साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या दोन लाख एकोणऐंशी हजारांहून अधिक डॉक्टरांचा अभ्यास आला. ज्यांनी कंपनीचं एकच जेवण घेतलं होतं, तेही सरासरी वीस डॉलरच्या आतलं, त्यांच्या लिहिण्यात त्या कंपनीच्या ब्रँडचं प्रमाण जास्त निघालं. जेवणामुळेच तसं झालं असं त्या अभ्यासाने सिद्ध केलं नाही, हे मला कळतं. पण कंपन्यांनाही हिशेब कळतो, आणि त्या जेवण घालायचं थांबवत नाहीत.

नियम काय म्हणतात, हेही सरांनी सांगायला हवं होतं, कारण त्यात संघटनांची गोष्ट फार बोलकी आहे. डिसेंबर 2009 मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घ्यायला बंदी केली. त्या कलमात डॉक्टरांबरोबर डॉक्टरांच्या संघटनांचाही उल्लेख होता. 2016 च्या दुरुस्तीत ‘संघटना’ हा शब्द गाळला गेला. मी एकट्याने घेतलं तर गैरवर्तन, आणि तेच शंभर जणांनी रजिस्टरवर सही करून घेतलं तर शास्त्रीय कार्यक्रम. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले आणि कंपन्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष पैशांवर चालणाऱ्या परिषदांत, सेमिनारांत भाग घेऊ नये असं सांगितलं. ब्रँडऐवजी जेनेरिक नाव लिहायची सक्तीही त्यातच होती. डॉक्टरांच्या संघटना आणि औषध कंपन्यांची संघटना, दोघींनी विरोध केला, आणि 2 ऑगस्टचे ते नियम 23 ऑगस्टला स्थगित झाले. तीन आठवडे! आपल्या धंद्यातली एखादी गोष्ट इतक्या झटपट झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी आचारसंहिता आणली. तिच्यानुसार हॉटेलातला मुक्काम, महागडं जेवण वगैरे पाहुणचार डॉक्टरांना देता येत नाही, अपवाद स्पीकरचा. डॉक्टरांच्या अशा शिक्षण-सभांवर, म्हणजे सीएमईवर, किती खर्च केला, तेही कंपनीने जाहीर करायचं आहे. पण ही संहिता औषध कंपन्यांची. शेवटच्या स्लाइडवर अँब्युलन्सचा नंबर टाकणाऱ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला ती लागू नाही, आणि आमच्या शाखेत निम्म्या सभा आता हॉस्पिटलंच भरवतात. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दलचं कमिशन, रोखायच्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात 2017 साली तयार झाला होता. त्याचं पुढे काय झालं ते रेफरल बघणाऱ्या त्या गृहस्थांना विचारा.

म्हणजे सभा कंपनीच्या पैशांवर चालू नये, इथवर सर आणि मी एकाच बाकावर आहोत. पण ‘पैशांशिवाय होऊच शकत नाही’ हे त्यांनी कुठून काढलं? खर्च कशाकशाचा आहे ते बघा: हॉटेलचा हॉल, फलक, मेमेंटो, स्पीकरची गाडी, आणि जेवण. यातलं सभेला काय लागतं? बसायला जागा आणि भिंतीवर उजेड पाडायला एक प्रोजेक्टर. जागा कोणाच्याही हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये आहे. दुपारी तो रिकामाच असतो. चहा आणि पोहे प्रत्येकाने आपल्या पैशांनी खावेत. ज्या गावात डॉक्टर लोक नव्या गाडीच्या पसंतीच्या नंबरासाठी आरटीओत हजारो रुपये भरतात, त्या गावात पोह्यांसाठी प्रायोजक शोधावा लागतो, हे लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतंय.

दुपारी म्हटलं ते मुद्दाम. रात्री साडेआठची वेळ कोणी ठरवली? जेवणाने ठरवली. आणि त्या वेळेने कोण येणार तेही ठरवलं. आमच्या शाखेत स्त्री-डॉक्टर चांगल्या संख्येने आहेत. सभेला हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या दिसतात, कारण साडेआठला घरी मुलांची जेवणं असतात, आणि जेवणानंतर ग्लास निघतात ते वेगळंच. तालुक्याच्या गावात दोन ते चार सगळ्यांचे दवाखाने बंद असतात. तेव्हा सभा ठेवा. गवत कापणाऱ्या बाईचं निदान करणाऱ्या मॅडम पुन्हा कधी सभेत बोलल्या नाहीत, कारण त्या पुन्हा आल्याच नाहीत.

क्रेडिट पॉइंटांची तक्रार मला पटते आणि पटतही नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला पाच वर्षांत तीस पॉइंट लागतात. सक्तीने आलेला माणूस मोबाइल बघत बसतो, खरं आहे. पण तो निदान येऊन बसतो. त्याला बोलतं करणं हे आयोजकांचं काम. शाळेत मुलं हजेरीसाठी येतात म्हणून कोणी शाळा बंद करत नाही.

राहिला स्पीकर. पुण्या-मुंबईहून मोठं नाव आणलं नाही तर लोक जमत नाहीत, असं सर लिहितात. मोठ्या नावांना माझा विरोध नाही. त्यांनी स्वखर्चाने किंवा शाखेच्या एसटी-भाड्यावर यावं, आणि स्लाइडी दहा आणाव्यात. पण आपल्या रुग्णांबद्दल शिकायचं तर शहराकडेच बघावं लागतं, हा समज महाराष्ट्रात तरी टिकू नये. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं मरत होती तेव्हा महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून हिंमतराव बावस्करांनी एकेका रुग्णाच्या उशाशी रात्रभर नोंदी केल्या. रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशात जीव वाचवतं, हे त्यांचं काम 1980 च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेही औषध स्वस्त होतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, ते 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. ही उदाहरणं देऊन मी आपल्या शाखेतून उद्या लॅन्सेटला निबंध जाईल असं म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की तालुक्यातला डॉक्टर हा नुसता रेफर करणारा पोस्टमन आहे, असं मानणाऱ्या सभेत ही माणसं श्रोते म्हणूनच बसली असती.

आणखी एक, जे सरांना आवडणार नाही. साप चावलेला, ताप आलेला माणूस आपल्या तालुक्यात पहिल्यांदा जातो तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरकडे. ते आपले सभासद नाहीत. पॅथीचा वाद न्यायालयात आणि मंत्रालयात चालू राहू दे. सर्पदंशाच्या सभेला मात्र त्यांना बोलवावं, आणि आरोग्य केंद्रातल्या मेडिकल ऑफिसरलाही. पेशंट तिथूनच येतो.

वार्षिक सभेत सरांचा ठराव येणार आहे असं ऐकतो. मी त्याविरुद्ध मत देईन आणि दुसरा ठराव मांडेन: पुढचं एक वर्ष शाखेच्या मासिक सभेला औषध कंपनी, लॅब किंवा हॉस्पिटल, कोणाचाही पैसा, फलक वा जेवण घेऊ नये, सभा दुसऱ्या शनिवारी दुपारी दोनला एखाद्या सभासदाच्या दवाखान्यात व्हावी, दर सभेत दोन सभासदांनी आपापली एकेक केस मांडावी, आणि त्यातली एक तरी बिघडलेली असावी. अनुमोदक म्हणून मला एक सही हवी आहे. ती सरांनीच करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.